पॉवरपॉइंटमधला घरचा स्लाइडशो: लाल फुली कुठून येते आणि फोटो परत कसे मिळतात

घरातले दोनशे-तीनशे फोटो निवडून मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरलं, की बहुतेकांचा हात पॉवरपॉइंटकडेच जातो. ते संगणकात असतंच, थोडंफार वापरलेलंही असतं. या परीक्षणात त्याला एकच कसोटी लावली आहे: घरी दिसलेला फोटो दुसऱ्या संगणकावर, पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसलेले असताना, दिसतो का, की त्याच्या जागी लाल फुली येते? ट्रान्झिशन, थीम, उडत येणारी अक्षरं यांचा विचार इथे केलेला नाही.

मत आधीच सांगितलेलं बरं. फोटो एकदा फाइलच्या पोटात गेला की पॉवरपॉइंट सहसा दगा देत नाही. फाइल बिघडली तरी आतले फोटो उपसून काढता येतात, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. पण फोटो खरोखर पोटात गेला की नुसता त्याचा पत्ता लिहून ठेवला गेला, हे ते आपणहून सांगत नाही. दोन्ही वेळा स्लाइडवरचं चित्र हुबेहूब सारखं दिसतं, आणि बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

फोटो की नुसता पत्ता

'इन्सर्ट' टॅबवर 'पिक्चर्स', त्यात 'धिस डिव्हाइस'. विंडोजवर उघडणाऱ्या खिडकीत खाली 'इन्सर्ट' हे बटण असतं आणि त्याला चिकटून एक इवलासा बाण. त्या बाणावर तीन पर्याय निघतात: 'इन्सर्ट', 'लिंक टू फाइल' आणि 'इन्सर्ट अँड लिंक'. पहिल्यात फोटोची पूर्ण प्रत प्रेझेंटेशनमध्ये येते. दुसऱ्यात तो फोटो डिस्कवर कुठे आहे, एवढा पाथ लिहिला जातो. तिसऱ्यात प्रतही येते आणि पाथही.

'लिंक टू फाइल' कुचकामी नाही. एखादा आलेख दर आठवड्याला बदलतो आणि दहा प्रेझेंटेशनमध्ये आपोआप नवा दिसायला हवा, अशा कामाला तो चोख आहे. घरच्या फोटोंना त्याची गरज नसते. तरी तो वापरला जातो, कारण फाइल सडपातळ राहते आणि मेलने पटकन जाते. म्हणून निदानाची पहिली पायरी अगदी सोपी: फाइलचा आकार बघा. फोनवर काढलेल्या दोनशे फोटोंचं प्रेझेंटेशन दोन-तीन एमबीत बसलं असेल, तर आत फोटो नाहीत, फक्त पत्ते आहेत.

पत्ता चुकायला फार काही व्हावं लागत नाही. पेनड्राइव्ह कालच्या संगणकावर 'डी' होता, आजच्यावर 'ई' झाला. फोटोंच्या फोल्डरचं नाव 'नवीन फोल्डर' ऐवजी कुणीतरी नीट ठेवलं. पाथमध्ये संगणकाच्या मालकाचं युजरनेम असतं, ते दुसऱ्या संगणकावर असणारच नाही. मॅकवर तर 'सी' ड्राइव्ह ही भानगडच नाही. वनड्राइव्हचा प्रकार जास्त फसवा आहे: फाइलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर फोटो संगणकावर नसतो, नुसती खूण असते, आणि इंटरनेट नसलं की तो उघडत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं की प्रत खाली उतरते.

यापेक्षा वाईट म्हणजे फोटो गायब न होता बदलतो. बहुतेक कॅमेरे फाइलला चार आकडी क्रमांक देतात. ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरुवात. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतताना 'रिप्लेस' दाबलं गेलं, तर जुन्या पत्त्यावर नवाच फोटो येऊन बसतो. लिंक शाबूत, लाल फुली नाही, आणि आजोबांच्या स्लाइडवर कुणाची तरी पार्क केलेली गाडी. हे फक्त डोळ्यांनीच पकडता येतं.

लिंक तुटलेली असेल तर स्लाइडवर लाल फुली आणि चित्र दाखवता येत नसल्याचा इंग्रजी निरोप येतो. त्या निरोपात 'लिंक्ड' हा शब्द आहे का, ते वाचा. असेल तर फाइल हलली, नाव बदललं किंवा पुसली गेली. कोणती फाइल, हे मात्र तो सांगत नाही, आणि इथे पॉवरपॉइंटचे गुण कापायलाच हवेत. नाव त्याच्याकडे असतं. ते बघायला 'फाइल', मग 'इन्फो', आणि उजव्या बाजूला खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स' इथवर जावं लागतं. फाइलमध्ये एकही लिंक नसेल तर ही ओळच दिसत नाही. म्हणजे ती न दिसणं ही चांगली बातमी.

त्या यादीत तुटलेले पाथ एकाखाली एक मिळतात. एक-दोन असतील तर 'चेंज सोर्स'ने नवी जागा दाखवा. किंवा स्लाइडवरच्या फुलीवर राइट क्लिक करून 'चेंज पिक्चर', 'फ्रॉम अ फाइल' करा. यात जागा, आकार आणि अॅनिमेशन कायम राहतं, म्हणून फुली डिलीट करून नव्याने फोटो घालण्यापेक्षा हे केव्हाही सरस.

साठ-सत्तर लिंका तुटल्या असतील तर एकेक दुरुस्त करत बसू नका. पत्ता बदलण्याऐवजी फोटो जुन्या पत्त्यावर नेऊन ठेवा. यादीतला पाथ कागदावर उतरवा, तेच ड्राइव्हचं अक्षर, तीच फोल्डरची नावं, तोच क्रम तयार करा आणि फोटो त्यात टाका. फरक फक्त ड्राइव्हच्या अक्षराचा असेल तर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून जुनं अक्षर परत देता येतं. प्रेझेंटेशन बंद करून पुन्हा उघडलं की सगळ्या फुल्या एकदम जातात.

फोटो दिसू लागले म्हणून तिथेच थांबू नका, लिंक अजून लिंकच आहे. 'एडिट लिंक्स' मध्ये सगळ्या ओळी निवडून 'ब्रेक लिंक' करा आणि फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. आकार एकदम फुगला पाहिजे. फुगला नाही तर प्रत्येक फोटो कंट्रोल-एक्सने उचला आणि कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबून 'जेपेग' म्हणून परत चिकटवा. त्या फोटोवर अॅनिमेशन असेल तर ते यात जातं, पुन्हा द्यावं लागतं.

आणखी एक जागा. मेलने किंवा इंटरनेटवरून आलेली फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडते, वर पिवळी पट्टी येते. आत घातलेले फोटो तेव्हाही दिसतात. लिंक केलेले अडवले जातात. पाठवणारा ओळखीचा असेल तर 'एनेबल एडिटिंग' दाबून बघा, मग पुढच्या तपासाला लागा.

फाइलचं पोट उघडून बघणं

२००७ च्या आवृत्तीपासून पॉवरपॉइंटची फाइल म्हणजे आतून एक झिप, म्हणजे अनेक फाइली भरलेलं एक गाठोडं आहे. हे माहीत असलेला माणूस फोटो सहसा गमावत नाही.

फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून फाइलनावांची एक्स्टेन्शन (शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) दिसतील असं करा. प्रेझेंटेशनची एक प्रत काढा (मूळ फाइलला हात लावायचा नाही), आणि प्रतीच्या नावातलं शेवटचं 'पीपीटीएक्स' खोडून 'झिप' लिहा. विंडोज कुरकुर करेल, होय म्हणा. आता ती फोल्डरसारखी उघडते. आत 'पीपीटी' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया'. स्लाइडशोमध्ये खरोखर असलेला प्रत्येक फोटो इथे 'इमेज१', 'इमेज२' अशा नावाने पडलेला असतो. मूळ नावं गेलेली असतात, पण फोटो असतो.

या फोल्डरमधली संख्या स्लाइडवरच्या फोटोंशी तंतोतंत जुळेलच असं नाही. एकच फोटो तीन स्लाइडवर असेल तर तो सहसा एकदाच साठवला जातो, आणि थीमची पार्श्वचित्रंही इथेच असतात. पण दोनशेच्या जागी चाळीस निघाले, तर उत्तर मिळालं.

कोणत्या स्लाइडचा कोणता फोटो हरवला, हे त्याच झिपमध्ये लिहिलेलं असतं. 'पीपीटी' मध्ये 'स्लाइड्स', त्यात अंडरस्कोरने सुरू होणारा 'रेल्स' फोल्डर. प्रत्येक स्लाइडची एक छोटी फाइल तिथे आहे. ती बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा. आत घातलेल्या फोटोची ओळ 'मीडिया' फोल्डरकडे बोट दाखवते. लिंक केलेल्या फोटोच्या ओळीत पूर्ण पाथ असतो आणि तिच्या टोकाला 'एक्स्टर्नल' हा शब्द. तो शब्द दिसला की निदान पक्कं, वर हरवलेल्या फोटोचं मूळ नावही हातात आलं, ते संगणकावर, जुन्या फोनवर, क्लाउडवर शोधता येतं. फाइलच्या नावातला क्रमांक आणि पडद्यावरचा स्लाइडचा क्रम एकच असेल असं धरून चालू नका; क्रम वेगळ्या फाइलमध्ये ठरतो.

मूळ नाव मिळवायची एक सोपी जागाही आहे. स्लाइडवरच्या फोटोवर किंवा फुलीवर राइट क्लिक, 'एडिट ऑल्ट टेक्स्ट'. जुन्या आवृत्त्या फोटो घालताना फाइलचं नाव इथे वर्णन म्हणून आपोआप लिहून ठेवत. नव्या आवृत्त्या तिथे 'काही माणसं उभी आहेत' छापाचं यंत्राने केलेलं वर्णन टाकतात, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. दहा वर्षांपूर्वीच्या स्लाइडशोवर हे आधी करून बघावं.

फाइल उघडताना पॉवरपॉइंटने 'रिपेअर' करू का विचारलं आणि नंतर काही फोटो कोरे आले, तर तो लिंकचा प्रश्न नाही. फाइलच अर्धवट लिहिली गेली आहे. नेहमीचं कारण म्हणजे थेट पेनड्राइव्हवर सेव्ह करणं आणि 'इजेक्ट' न करता तो उपटणं. रिपेअर झालेली फाइल जुन्या नावावर मुळीच सेव्ह करू नका. मूळ बिघडलेली फाइल आधी संगणकाच्या डिस्कवर कॉपी करा, तिची झिप करून 'मीडिया' बाहेर काढा. झिपचा एक भाग खराब असला तरी बाकीच्या फाइली बऱ्याचदा धड निघतात. मग कोरं प्रेझेंटेशन उघडून रिपेअर झालेल्या फाइलमधल्या चांगल्या स्लाइडा कॉपी करून त्यात चिकटवा, आणि कोऱ्या राहिलेल्यांवर बाहेर काढलेले फोटो बसवा.

शेवटचं अक्षर 'एक्स' नसलेली जुनी 'पीपीटी' फाइल झिप नसते. तिच्यावर हा प्रयोग चालत नाही. आधी नव्या प्रकारात 'सेव्ह अॅज' करावं लागतं. अशा जुन्या फाइलींत कधी फोटोच्या जागी एक वेगळाच निरोप दिसतो: हे चित्र बघायला क्विकटाइम आणि टिफचा डीकंप्रेसर हवा. ही फाइल मॅकवर बनली आणि फोटो 'इन्सर्ट' न करता ओढून किंवा पेस्ट करून घातले गेले, याची ती खूण. विंडोजसाठीच्या क्विकटाइमचा आधार अॅपलने २०१६ मध्ये काढून घेतला, त्यामुळे आता ते शोधून बसवण्यात अर्थ नाही. मॅकवर फाइल उघडून फोटो जेपेग म्हणून बाहेर काढणं आणि रीतसर 'इन्सर्ट' करणं हाच मार्ग.

फोटो आहे, पण दिसत नाही

तीस फोटो एकदम निवडून 'इन्सर्ट' केले आणि एकच आला, अशी तक्रार नेहमीची. तीसही आलेले असतात, एकाच स्लाइडवर, एकावर एक. ऑल्ट आणि एफ१० दाबा. उजवीकडे 'सिलेक्शन पेन' उघडतो आणि त्यात तीस नावं दिसतात. याच पट्टीत प्रत्येक नावापुढे डोळ्याचं चिन्ह आहे. तो डोळा मिटलेला असेल तर फोटो लपवलेला आहे. डोळा उघडा असूनही फोटो दिसत नसेल तर त्याच्यावर दुसरा फोटो किंवा पांढरा चौकोन बसलेला असणार. यादीत त्याला वर ओढा.

एडिट करताना दिसतो, एफ५ दाबून स्लाइडशो सुरू केल्यावर दिसत नाही, असं असेल तर अॅनिमेशन बघा. 'अॅनिमेशन पेन'मध्ये हिरवा तारा म्हणजे फोटो येणार, लाल म्हणजे जाणार. लाल तारा 'विथ प्रीव्हियस'वर शून्य सेकंदात लावला असेल तर फोटो यायच्या आतच निघून जातो. हिरवा तारा 'ऑन क्लिक'वर असेल आणि स्लाइड तीन सेकंदांनी आपोआप पुढे जाणारी असेल, तर फोटो नीट दिसायच्या आधीच स्लाइड बदलू शकते. सगळ्या स्लाइडशोचं अॅनिमेशन एका झटक्यात बंद करून तपासायचं असेल तर 'स्लाइड शो', 'सेट अप स्लाइड शो' मध्ये 'शो विदाउट अॅनिमेशन' वर खूण करा. फोटो परत आले तर दोषी सापडला. त्याच खिडकीत 'फ्रॉम' आणि 'टू' या चौकटींत काही आकडे राहिलेत का, तेही बघून घ्या. रंगीत तालमीला कुणी १ ते २० ठेवलेलं असतं.

अख्खी स्लाइडच गाळली जात असेल तर डाव्या पट्टीत तिच्या क्रमांकावर तिरपी रेघ असेल. राइट क्लिक, 'अनहाइड स्लाइड'. संपलं.

हेक, वेबपी आणि नाव बदललेल्या फाइली

२०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो 'हेक' प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, फोटो चांगला असतो, पण विंडोजला तो वाचायला हेइफ आणि एचईव्हीसी अशी दोन एक्स्टेन्शन (इथे अर्थ: जोडीची छोटी सॉफ्टवेअर) बसवावी लागतात. ती आपल्या संगणकावर आहेत म्हणून हॉलमधल्या संगणकावर असतील असं नाही. म्हणून स्लाइडशोत हेक घालूच नये. सगळे फोटो आधी जेपेग करून घ्यावेत. पुढच्या फोटोंसाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, 'फॉरमॅट्स', 'मोस्ट कंपॅटिबल'.

इथे एक चूक फार होते. फाइलच्या नावातलं 'हेक' खोडून 'जेपीजी' लिहिलं की फोटो जेपेग होत नाही. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. असा फोटो एका प्रोग्राममध्ये दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, आणि माणूस गोंधळून जातो. संशय आला तर फोटो नोटपॅडमध्ये उघडा. सगळी निरर्थक अक्षरं दिसतील, फक्त पहिल्या ओळीची सुरुवात वाचा. तिथे 'एफ-टी-वाय-पी' आणि लगेच 'हेक' ही अक्षरं असतील तर तो हेक आहे, नाव काहीही असो. 'पीएनजी' असेल तर पीएनजी. 'आर-आय-एफ-एफ' आणि जरा पुढे 'वेबपी' असेल तर वेबपी. हा चित्रांचा नवा प्रकार पॉवरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्यांना पचत नाही. सेव्ह न करता नोटपॅड बंद करा, नाहीतर फोटो खरंच जाईल.

बदल करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. फोटो पेंटमध्ये उघडून जेपेग म्हणून 'सेव्ह अॅज' केला तरी पुरतं. छपाईसाठी तयार केलेल्या स्कॅनचे सीएमवायके (छपाईच्या शाईंच्या) रंगांतले जेपेगही काही ठिकाणी विचित्र रंगांत येतात. ते आरजीबी (पडद्यासाठीच्या रंगांत) करून घ्यावेत.

वजन

फाइल हलकी दिसली तरी मेमरीत फोटो जड असतो, हे लक्षात घेतलं की शंभराव्या स्लाइडनंतर येणारे काळे पडदे समजतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ गुणिले ३०२४ पिक्सेलचा. डिस्कवर तो तीन-चार एमबी भरतो, पण पडद्यावर काढण्यासाठी उलगडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून सुमारे ४९ एमबी होतो. एका स्लाइडवर असे आठ फोटो, वर ट्रान्झिशन, म्हणजे दोन स्लाइडा एकाच वेळी उलगडलेल्या. जुना संगणक इथे हात टेकतो.

किती पिक्सेल पुरतात याचा हिशेब सोपा आहे. १६:९ ची स्लाइड १३.३३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. 'पिक्चर फॉरमॅट' टॅबवर 'कंप्रेस पिक्चर्स' मध्ये १५० पीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) निवडलं तर स्लाइडभर पसरलेला फोटो २००० गुणिले ११२५ पिक्सेलचा राहतो. फुल एचडी प्रोजेक्टर १९२० गुणिले १०८० दाखवतो, म्हणजे १५० पुरेसं आहे. २२० वर २९३३ पिक्सेल मिळतात. फोर-के टीव्हीचे ३८४० पिक्सेल भरायचे असतील तरच ३३० घ्या. ९६ मात्र मोठ्या पडद्यासाठी नको. १२८० पिक्सेलचे चेहरे मागच्या रांगेतून मऊ दिसतात.

'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' वरची खूण काढली तरच कंप्रेशन सगळ्या फोटोंना लागू होतं. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' वर खूण असेल तर कापलेला भाग कायमचा जातो. ग्रुप फोटोतून एकाचाच चेहरा कापून घेतला असेल तर बाकीची मंडळी त्या फाइलमधून गेली. ही फाइल म्हणजे फोटोंचं जतन नव्हे, मूळ फोल्डर वेगळा ठेवा. आणि कंप्रेशन सगळं रचून झाल्यावर, एकदाच.

फोटो अल्बम आणि बाकीचे पर्याय

'इन्सर्ट', 'फोटो अल्बम', 'न्यू फोटो अल्बम' ही सोय पॉवरपॉइंटमध्ये कित्येक वर्षं आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दोनशे फोटो निवडा, 'वन पिक्चर' किंवा 'फिट टू स्लाइड' ठेवा, 'क्रिएट' दाबा, दोनशे स्लाइडा तयार. एकावर एक रचले जाण्याचा प्रश्नच नाही. क्रम हवा तसा ठेवायला फाइलींना ००१, ००२ अशी नावं द्या. नुसतं १, २ दिलं तर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी लागतो. 'कॅप्शन्स बिलो ऑल पिक्चर्स' पुसट दिसत असेल तर ले-आउट 'फिट टू स्लाइड' आहे, तो बदला. अल्बमचा दोष एकच, पण मोठा: हाताने मजकूर, जागा नीट लावल्यानंतर 'एडिट फोटो अल्बम' मधून 'अपडेट' केलं तर ती मेहनत पुसली जाऊ शकते. फोटोंची निवड पक्की झाल्याशिवाय सजावटीला हात घालू नये.

लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचातलं इम्प्रेस या एका बाबतीत पॉवरपॉइंटच्या पुढे आहे. फोटो घालताना 'लिंक' या चौकटीवर खूण केली, तर हा फोटो फाइलमध्ये साठवला जाणार नाही, नुसता संदर्भ राहील, असं ते स्पष्ट बजावतं आणि 'एम्बेड' करण्याचं बटण तिथेच देतं. पॉवरपॉइंटला हे इतक्या वर्षांत जमू नये याचं नवल वाटतं. इम्प्रेसच्या फोटो अल्बममध्ये 'लिंक इमेजेस' ही चौकट आहे, ती कोरी ठेवायची. नंतर लक्षात आलं तर 'एडिट' मेनूतल्या बाहेरच्या फाइलींच्या लिंकांच्या यादीतून 'ब्रेक लिंक' केलं की फोटो आत येतात. पण इम्प्रेसमध्ये बनवून पॉवरपॉइंटवर दाखवणं टाळा. फोटो राहतात, टायमिंग आणि ट्रान्झिशन बिघडू शकतं.

गूगल स्लाइड्समध्ये डिस्कवरचा पाथ ही कल्पनाच नाही, त्यामुळे तुटणारी लिंकही नाही. तिथे मर्यादा वेगळ्या: फोटो ५० एमबीपेक्षा लहान, २५ मेगापिक्सेलच्या आत, आणि जेपेग, पीएनजी किंवा जिफच. ५० मेगापिक्सेलच्या मोडवर काढलेला फोनचा फोटो तिथे अडतो. पॉवरपॉइंटची फाइल चढवून बदलून घ्यायची तर ती १०० एमबीच्या आत हवी, आणि आत तुटलेल्या लिंका असतील तर त्या तिथे जुळणार नाहीत. दाखवण्याच्या जागी इंटरनेट रडकं असेल तर फोटो उशिरा उमटतात. नेटची खात्री असेल तरच हा पर्याय.

मूळ फोटोच गेला असेल तर

आधी नाव मिळवा, वर सांगितलेल्या जागांवरून. मग कचरापेट्या, आणि लवकर, कारण त्यांना मुदत असते. आयफोनमधलं 'रिसेंटली डिलीटेड' ३० दिवस, गूगल फोटोजवर बॅकअप झालेल्या फोटोंचा 'ट्रॅश' ६० दिवस, गूगल ड्राइव्हचा ३० दिवस. प्रेझेंटेशन वनड्राइव्हवर असेल तर 'फाइल', 'इन्फो', 'व्हर्जन हिस्टरी' मध्ये फोटो आत असलेली जुनी आवृत्ती सापडू शकते. मेसेजिंग अॅपवरून कधी कुणाला फोटो पाठवला असेल तर तोही चालेल. लहान झालेला असतो, पण अर्ध्या स्लाइडवर खपून जातो.

दाखवायला नेण्याआधी

खरी परीक्षा पाच मिनिटांची आहे. फोटोंच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, शेवटी एक अक्षर जोडलं तरी पुरे. इंटरनेट बंद करा. प्रेझेंटेशन डेस्कटॉपवर कॉपी करून तिथून उघडा आणि एफ५ दाबून पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ द्या. सगळ्या स्लाइडा छोट्या आकारात दाखवणाऱ्या स्लाइड सॉर्टरमध्ये नजर फिरवून भागत नाही. तिथे अॅनिमेशन चालत नाही, त्यामुळे यायच्या आधीच जाणारा फोटो सापडत नाही. एकही फुली आली नाही तर फोल्डरचं नाव पूर्ववत करा.

लिंका ठेवणं भागच असेल (मोठे व्हिडिओ असले की कधी येतं), तर 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी', 'कॉपी टू फोल्डर' करा आणि 'ऑप्शन्स'मध्ये 'लिंक्ड फाइल्स' वर खूण ठेवा. सीडीचा संबंध आता नावापुरता; लिंक केलेल्या फाइली प्रेझेंटेशनसोबत एकाच फोल्डरमध्ये गोळा होतात. तो फोल्डर अख्खा न्यायचा, त्यातली एक फाइल उचलून नाही.

तिथे पॉवरपॉइंट आहे की नाही हेच माहीत नसेल तर व्हिडिओ बनवून न्या: 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ', फुल एचडी. स्लाइडला वेळ दिलेला नसेल तर पॉवरपॉइंट प्रत्येकीला ५ सेकंद धरतं. दोनशे स्लाइडा म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद, ट्रान्झिशनचा वेळ वेगळा. व्हिडिओत लिंक, फाँट, अॅनिमेशन, काहीच हलत नाही. एकच बघा: बनवताना लाल फुली असेल तर तीही व्हिडिओत तशीच छापली जाते. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, जागा शिल्लक दिसत असली तरी. फोर-केचा लांबलचक व्हिडिओ इथे अडकू शकतो. अशा वेळी पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा, आणि ज्या टीव्हीला लावायचा तो एक्सफॅट वाचतो का, हे आदल्या दिवशीच लावून बघा.